उपसूनही पुन्हा तुंबणारी सेप्टिक टाकी : घर घेण्यापूर्वी आणि घेतल्यानंतर काय तपासावे

नवे घर घेऊन काही महिने होतात न होतात, तोच तळमजल्यावरच्या कमोडमधले पाणी हळू उतरू लागते, न्हाणीघराच्या जाळीतून बुडबुडे येऊ लागतात आणि एके दिवशी अंगणातल्या चेंबरमधून मैलापाणी वर येते. टँकर बोलावून सेप्टिक टाकी उपसली जाते, थोडे दिवस सगळे सुरळीत चालते आणि मग पुन्हा तोच प्रकार सुरू होतो. टाकी लहान असेल, बांधकाम कच्चे असेल, टँकरवाल्याने अर्धीच उपसली असेल, असे निष्कर्ष अशा वेळी घाईने काढले जातात आणि त्यांवर पैसेही खर्च होतात. वास्तविक वारंवार तुंबण्याचे कारण बऱ्याचदा टाकीच्या पुढे, म्हणजे शोषखड्ड्यात (टाकीतून बाहेर पडणारे पाणी जमिनीत मुरवणाऱ्या खड्ड्यात) आणि त्याच्या भोवतीच्या मातीत असते, आणि नीट पाहिले असते तर ते खरेदीच्या वेळीच लक्षात आले असते. म्हणून हा लेख दोन्ही प्रकारच्या वाचकांसाठी आहे : ज्यांना हा त्रास सुरू झालेला आहे त्यांच्यासाठी, आणि ज्यांनी अजून व्यवहार केलेला नाही त्यांच्यासाठी.

टाकीचे काम नेमके काय

सेप्टिक टाकीत आलेल्या मैलापाण्यातला जड भाग तळाशी बसतो आणि त्याचा गाळ होतो; तेल, तूप, साबणाचा फेस असे हलके पदार्थ वर तरंगून त्यांची साय धरते; आणि मधल्या थरातले तुलनेने निवळ पाणी पलीकडच्या पाइपातून बाहेर पडते. हवेशिवाय जगणारे जीवाणू गाळ हळूहळू कुजवतात, त्यामुळे त्याचे आकारमान कमी होते, पण तो कधीही पूर्णपणे नाहीसा होत नाही. पाणी टाकीत साधारण एक ते दोन दिवस थांबले तरच हा निवळण्याचा भाग पार पडतो. बाहेर पडणारे पाणी दिसायला बरे असले तरी ते शुद्ध नसते. त्यात रोगजंतू, विरघळलेले सेंद्रिय पदार्थ आणि अमोनिया भरपूर असतात. शुद्धीकरणाचे उरलेले मोठे काम शोषखड्ड्याभोवतीची किंवा, खड्ड्याऐवजी पाणी मुरवायला लांब चर घेतले असतील तर, त्या चरांखालची माती करते. ज्या घराच्या टाकीचे पाणी थेट उघड्या नाल्यात सोडलेले आहे, त्या घरात ही व्यवस्था अर्धीच आहे असे समजावे.

आता तक्रारीतला सर्वांत मोठा गैरसमज. ‘उपसून आठवडाही झाला नाही आणि टाकी पुन्हा भरली’ हे वाक्य मोठ्या काळजीने सांगितले जाते, परंतु भरलेली असणे हीच टाकीची नेहमीची स्थिती आहे. चार माणसांच्या घरात प्रत्येकी १२० लिटर पाणी टाकीत जाते असे धरले, तर रोजचे ४८० लिटर होतात, आणि २,००० लिटरची टाकी चार-पाच दिवसांत बाहेरच्या पाइपाच्या पातळीपर्यंत भरते. त्यानंतर जेवढे पाणी आत येते तेवढेच बाहेर जाते. टाकीत पाणी आहे का, हा प्रश्नच त्यामुळे निरुपयोगी ठरतो. पाण्याची पातळी बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या तुलनेत कुठे आहे आणि तळाशी गाळ किती साचला आहे, या दोन गोष्टींवरून निदान होते.

झाकण उघडून पातळी पाहणे

झाकण उघडण्यापूर्वी एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. टाकीत मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड हे वायू असतात. पहिला पेट घेतो आणि दुसरा माणसाला काही क्षणांत बेशुद्ध करू शकतो. हायड्रोजन सल्फाइडचा वास सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा येतो, परंतु प्रमाण वाढले की नाकाला तो जाणवेनासा होतो. त्यामुळे ‘वास येत नाही, म्हणजे धोका नाही’ हा अंदाज जीवघेणा ठरतो. टाकीत कोणीही उतरू नये आणि कोणालाही उतरवू नये, मग ती रिकामी असो वा अर्धी भरलेली. आत कोणी पडले तर त्याला वाचवायला मागोमाग उतरणारेही दगावतात. अशा वेळी बाहेरूनच मदत मागवावी. झाकण उघडल्यावर तोंडावर वाकू नये, जवळ काडी पेटवू नये, मुलांना दूर ठेवावे आणि पाहणी संपताच झाकण पक्के बसवावे.

पाहणी स्वतः करण्यापेक्षा टाकी उपसणाऱ्या जाणकाराकडून करून घेणे चांगले, पण काय पाहायचे हे मालकाला ठाऊक असले पाहिजे. बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या तळाशी पाण्याची पातळी जुळत असेल, तर टाकी व्यवस्थित चालली आहे. तरीही घरात पाणी तुंबत असेल, तर अडथळा घर आणि टाकी यांच्यामधल्या नळीत किंवा टाकीच्या तोंडाशी आहे. पातळी त्या पाइपाच्या बरीच खाली असेल आणि घर वापरात असेल, तर टाकी कुठेतरी गळते आहे, किंवा तिला पक्का तळच नाही. नुसता खड्डा खणून त्याला टाकी म्हटलेली उदाहरणे कमी नाहीत, आणि अशा टाकीतला मैला सरळ भूजलात मुरतो. पातळी पाइपाच्या वर चढलेली असेल, तर पाणी पुढे जायला जागा नाही. टाकीच्या भिंतीवर, आताच्या पातळीच्या वर, काळपट ओल्या रेषेची खूण दिसली, तरी पातळी पूर्वी तिथवर चढली होती असे समजावे. टाकी नुकतीच उपसलेली असली तरी ही रेषा बऱ्याचदा शिल्लक राहते, त्यामुळे ती न विसरता पाहावी.

गाळाची जाडी मोजण्याची पद्धत अगदी साधी आहे. लांब काठीच्या खालच्या टोकाला साधारण मीटरभर उंचीपर्यंत पांढरे, खरखरीत कापड, शक्यतो जुना टॉवेल, घट्ट गुंडाळून बांधावा. सायीला बाजूला सारून काठी सावकाश तळापर्यंत उतरवावी, काही मिनिटे तशीच धरावी आणि सरळ वर काढावी. गाळात बुडालेल्या भागात कापडाच्या धाग्यांमध्ये काळे कण अडकून राहतात आणि त्याच्या वरचा भाग फक्त मळकट ओला दिसतो. ही सीमा बहुतेक वेळा स्पष्ट असते. गाळाची उंची पाण्याच्या एकूण खोलीच्या पाव भागाहून अधिक झाली, किंवा साय आणि गाळ मिळून एक तृतीयांश जागा व्यापू लागली, की उपसण्याची वेळ झाली असे मानतात. किती वर्षांनी उपसावे याला एकच उत्तर नाही. टाकीचा आकार आणि माणसांची संख्या यांनुसार दोन ते पाच वर्षांचा काळ सर्वसाधारण आहे. मोजून उपसणाऱ्याचे पैसेही वाचतात आणि शोषखड्डाही वाचतो, म्हणून मी ठरावीक तारखेपेक्षा मोजमापावर भर देईन.

लक्षणांवरून कारणाकडे

एकाच कमोडचे किंवा एकाच मोरीचे पाणी अडत असेल आणि बाकी सगळे चालत असेल, तर टाकीचा विचारही करू नये. त्या एका जोडाच्या नळीत चोकअप आहे. सर्वांत खालच्या पातळीवरची सगळी जोडणी एकाच वेळी मंदावली असेल, तर मुख्य नळी, टाकी किंवा शोषखड्डा यांपैकी कुठेतरी अडथळा आहे. पाणी तुंबत नाही, फक्त दुर्गंधी येते, अशी तक्रार असेल, तर न वापरल्या जाणाऱ्या न्हाणीघराच्या जाळीखालचा ट्रॅप (पाणी धरून वायू अडवणारा वळणाचा भाग) सुकलेला असणे किंवा व्हेंट पाइप (टाकीतले वायू वर बाहेर सोडणारा उभा पाइप) बुजलेला असणे ही कारणे आधी तपासावीत. पहिल्यावर एक तांब्याभर पाणी ओतणे हाच उपाय आहे. दुसऱ्यात पाइपाच्या तोंडावरची जाळी काढून साफ करावी लागते, कारण तिथे पाने, धूळ आणि कोळ्यांची जाळी साचते.

टाकीच्या दोन तोंडांशी खालच्या दिशेला वळवलेले टी आकाराचे पाइप किंवा आडव्या भिंती असतात. आत येणारा टी आलेल्या पाण्याचा वेग मोडतो, त्यामुळे तळचा गाळ ढवळला जात नाही. बाहेर जाणारा टी साय आणि गाळ यांच्या मधले पाणी उचलतो. बाहेरचा टी तुटून गळून पडला की साय थेट शोषखड्ड्यात जाऊ लागते आणि घरात मात्र बरेच दिवस काहीच कळत नाही. एवढासा पाइपाचा तुकडा, पण त्याच्या अभावी संपूर्ण शोषखड्डा निकामी होऊ शकतो, म्हणून प्रत्येक उपसणीच्या वेळी तो जागेवर आहे ना हे पाहून घ्यावे. काही टाक्यांमध्ये या टीच्या आत गाळणी बसवलेली असते. ती भरली की पाणी मागे तुंबते आणि लोक शोषखड्डा खोदण्याच्या तयारीला लागतात. गाळणी वर काढून, हातमोजे घालून, तिच्यावरचा मळ टाकीच्या आत येणाऱ्या बाजूलाच धुऊन टाकला की काम होते.

फक्त पावसाळ्यात त्रास होत असेल, तर बाहेरचे पाणी आत शिरते आहे किंवा जमिनीतली पाण्याची पातळी शोषखड्ड्याच्या तळापर्यंत वर आली आहे. छपराचे, गच्चीचे किंवा अंगणाचे पाणी सोयीसाठी मैलापाण्याच्या चेंबरला जोडलेले घर अनेकदा आढळते. ती जोडणी तोडणे हा सर्वांत स्वस्त उपाय असतो. झाकणाभोवतीच्या फटींतून आणि भिंतीच्या सांध्यांतूनही पाणी झिरपते. याची एक खूण म्हणजे उपसल्यानंतर घरात कोणी पाणी वापरले नसतानाही टाकीत स्वच्छ, बिनवासाचे पाणी साचत जाणे. भर पावसात टाकी पूर्ण रिकामी करणे मात्र टाळावे. फायबरची किंवा प्लॅस्टिकची हलकी टाकी रिकामी झाली आणि भोवती पाणी चढले, तर ती जमिनीतून वर उचलली जाते आणि पाइपांचे सांधे तुटतात.

ऋतूशी संबंध नसलेला, वर्षभर चालू राहणारा त्रास असेल, तर फ्लशची टाकी पाहावी. तिच्यातली बारीक गळती कानाला ऐकूही येत नाही, पण दिवसाला शेकडो लिटर पाणी सेप्टिक टाकीत ओतत राहते. फ्लशच्या टाकीत खाण्याच्या रंगाचे काही थेंब टाकावेत आणि अर्धा तास फ्लश वापरू नये. तेवढ्यात भांड्यातले पाणी रंगले, तर आतला रबरी पडदा किंवा वायसर बदलावा. सगळे कपडे एकाच दिवशी धुण्याची सवयही अशीच घातक ठरते, कारण वॉशिंग मशीनचे लागोपाठ येणारे पाणी टाकीतल्या पाण्याला निवळायला वेळच देत नाही आणि गाळाचे कण पुढे ढकलले जातात.

शोषखड्डा : खरे दुखणे

टाकीतून आलेल्या पाण्यातले सेंद्रिय पदार्थ शोषखड्ड्याच्या भिंतीवर आणि तळावर साचून तिथे जीवाणूंचा काळा, बुळबुळीत थर तयार होतो. पातळ असेल तोवर हा थर उपयोगाचाच असतो, कारण तो रोगजंतू अडवतो. परंतु टाकी वेळेवर न उपसल्यामुळे गाळ पुढे येऊ लागला, किंवा रोजचे पाणी मातीच्या क्षमतेपेक्षा जास्त झाले, की थर जाड होतो, माती पाणी घेईनाशी होते आणि पाणी टाकीत, तिथून घरात मागे सरकते. हे ओळखण्याची सर्वांत विश्वासार्ह वेळ उपसणीचीच असते. टाकी अर्धी रिकामी झाली की बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या तोंडाकडे विजेरीचा उजेड पाडावा. तोंड कोरडे असेल तर शोषखड्डा पाणी घेतो आहे. तिथून पाण्याची धार उलटी टाकीत पडत असेल, तर शोषखड्डा काठोकाठ भरलेला आहे आणि टाकी कितीही वेळा उपसली तरी त्रास थांबणार नाही. उपसणीने मिळतात ते फक्त टाकी भरेपर्यंतचे चार-सहा दिवस. शोषखड्ड्यावरची जमीन कोरड्या ऋतूतही ओली राहणे, तिथेच गवत अधिक हिरवे आणि दाट असणे, पायाखाली जमीन दबणे, याही त्याच अवस्थेच्या खुणा आहेत.

अशा वेळी बाजारातल्या जीवाणूंच्या पुड्या टाकण्याचा सल्ला हमखास मिळतो. मैल्याबरोबर रोज असंख्य जीवाणू टाकीत येतच असतात, त्यामुळे वेगळे टाकण्याची गरज नसते, आणि बुजलेली माती या पुड्यांनी मोकळी होत नाही. आम्ल किंवा कॉस्टिक सोडा ओतणे तर निश्चितच हानिकारक आहे. त्याने टाकीतले जीवाणू मरतात, काँक्रीट झिजते आणि न कुजलेला गाळ पुढे सरकतो.

उपयोगी पडते ती विश्रांती. शोषखड्ड्याला पाणी देणे काही महिने बंद ठेवले, की काळ्या थराला हवा लागते, तो सुकून विघटित होतो आणि माती बऱ्याच अंशी पूर्ववत होते. म्हणूनच दोन शोषखड्डे आणि त्यांच्यामध्ये पाण्याची दिशा बदलता येईल असा चेंबर ही रचना सर्वांत टिकाऊ समजावी. दुसरा खड्डा नसेल तर तो नव्याने, पहिल्यापासून पुरेसे अंतर सोडून, काढावा लागतो. खोदण्यापूर्वी मातीची शोषणक्षमता तपासून घ्यावी. त्यासाठी ठरलेल्या खोलीचा छोटा खड्डा घेऊन त्यात पाणी भरून माती आधी भिजवतात आणि मग पाणी २५ मिलिमीटर उतरायला किती वेळ लागतो ते मोजतात. काही मिनिटांत उतरले तर शोषखड्डा पुरतो. अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागला तर खड्ड्याऐवजी लांब, उथळ चर घेणे योग्य. आणि तासाभरातही उतरले नाही, तर त्या जमिनीत मुरवण्याचा नाद सोडून वेगळी शुद्धीकरण व्यवस्था करावी लागते. पाणी अतिशय झपाट्याने उतरणे हेही चांगले लक्षण नाही, कारण मुरमाड किंवा भेगाळलेल्या खडकातून मैलापाणी न गाळताच विहिरीपर्यंत पोहोचते.

व्यवहारापूर्वीची पाहणी

घर पाहायला जाणारा माणूस नळ सोडून पाहतो, दिवे लावून पाहतो, भिंतीची ओल पाहतो. सेप्टिक टाकी कुठे आहे हे मात्र क्वचितच विचारतो. पहिला प्रश्न तोच असावा : टाकी कुठे आहे, शोषखड्डा कुठे आहे, आणि दोन्हींची झाकणे उघडता येतात का? टाकीवर फरशी बसवलेली असेल, खोली वाढवलेली असेल किंवा शोषखड्ड्यावर गाडी उभी राहत असेल, तर पुढची प्रत्येक दुरुस्ती तोडफोडीने सुरू होईल. गाडीच्या वजनाने माती दबून तिची शोषणक्षमताही घटते. मोठी झाडे जवळ असतील तर मुळे पाइपात शिरली आहेत का, हे कॅमेरा घालून पाहता येते.

बंद असलेल्या घराच्या बाबतीत विशेष सावध राहावे. वर्षभर कोणी राहत नसेल, तर शोषखड्ड्याला आपोआप विश्रांती मिळालेली असते आणि पाहणीच्या दिवशी सगळे नळ सोडले तरी पाणी झरझर निघून जाते. खरी परीक्षा कुटुंब राहायला आल्यावर दोन-तीन महिन्यांनी होते. एकट्या वृद्ध जोडप्याने वापरलेली व्यवस्था सहा माणसांना पुरेल असेही गृहीत धरू नये. घरात पूर्वी किती माणसे राहत होती आणि शेवटची उपसणी कधी झाली, हे विक्रेत्याला विचारावे आणि उपसणीच्या पावत्या मागाव्यात. एकामागोमाग एक, थोड्या थोड्या अंतराच्या पावत्या निघाल्या, तर ती निगा नसून आजाराची नोंद आहे.

विक्रेता ‘टाकी कालच उपसून घेतली आहे’ असे अभिमानाने सांगत असेल, तर पाहणी पुढे ढकलावी, कारण रिकाम्या टाकीत पातळी, साय, गाळ यांपैकी काहीच कळत नाही. टाकी नेहमीच्या वापराने भरलेली असताना आधी पातळी आणि गाळ पाहावा आणि मग आपल्यासमोर ती उपसून घ्यावी, म्हणजे भिंतींच्या भेगा, टी आणि उलटी धार हे सगळे एकाच वेळी पाहता येते. या उपसणीचा खर्च खरेदीदाराने सोसला तरी तो सार्थकी लागतो. पिण्याचे पाणी त्याच आवारातल्या विहिरीचे किंवा बोअरचे असेल, तर ई. कोलाय (विष्ठेतून येणारे जीवाणू) आणि नायट्रेट यांसाठी ते प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. शोषखड्डा आणि विहीर यांच्यामध्ये साधारण १५ ते ३० मीटर अंतर असावे असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. जमीन भेगाळ असेल तर तेही अपुरे पडू शकते.

सापडलेल्या दोषांचे वजन एकसारखे नसते, आणि किमतीची घासाघीस करताना हे ध्यानात ठेवावे. तुटलेला टी, भरलेली गाळणी, बुजलेला व्हेंट, पावसाच्या पाण्याची चुकीची जोडणी, वेळ उलटून गेलेली उपसणी या सगळ्या किरकोळ बाबी आहेत. त्या विक्रेत्याकडून करून घ्याव्यात किंवा तेवढी रक्कम किमतीतून वजा करून घ्यावी. भेगा पडलेली किंवा तळ नसलेली टाकी बदलणे खर्चाचे आहे, पण शक्य आहे. शोषखड्डा निकामी असेल, तर प्रश्न पैशांबरोबर जागेचा होतो : आवारात दुसऱ्या खड्ड्याला किंवा चरांना पुरेशी, विहिरीपासून आणि घराच्या पायापासून दूर असलेली मोकळी जमीन आहे का, ती पाणी घेते का आणि तिथे खोदायला स्थानिक प्रशासनाची परवानगी मिळते का. या तिन्हींची उत्तरे लेखी हातात येईपर्यंत विसार देऊ नये. जमीन शिल्लक नसेल आणि सार्वजनिक गटारही जवळ नसेल, तर ते घर सोडून द्यावे, असेच मी सुचवेन.